कपॅसिटर बदलूनही परतलेला बिघाड: जुन्या स्पोर्ट्स कारच्या क्लायमेट कंट्रोल बोर्डाचं एक प्रकरण

तक्रार

गार, दमट सकाळी गाडी चालू करून क्लायमेट कंट्रोल 'ऑटो'वर ठेवला की ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) एकदम पूर्ण जोरात सुटायचा आणि गरम हवेऐवजी गार हवा यायची. पॅनेलवर तापमान २२ लावलेलं, आत मात्र कुडकुडायची वेळ. गाडी चालत राहून डॅशबोर्ड चांगला तापला की सगळं आपोआप ताळ्यावर यायचं. कोरड्या, उबदार दिवसांत तर तक्रारच नसायची. शिवाय पॅनेलवरच्या आकड्यातली एक रेघ उमटत नव्हती. पॅनेलची कड अंगठ्याने दाबली की उमटायची, सोडली की जायची.

गाडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, दोन आसनी, जपून ठेवलेली आणि फारशी न पळवलेली. क्लायमेट कंट्रोल चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मालकांनी पूर्वी एकदा दुसरीकडे दुरुस्त करून घेतला होता. त्या वेळी सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रावण असलेले छोटे डबे) बदलले गेले, काही महिने बोर्ड उत्तम चालला आणि मग जुनीच लक्षणं परतली. त्यामुळे त्यांचा प्रश्न सरळ होता: "नवे कपॅसिटर इतक्या लवकर गेले कसे?"

ते गेलेच नव्हते. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच आहे. या पिढीच्या बोर्डांची दुरुस्ती म्हणजे 'कपॅसिटर बदला' असं एक समीकरण होऊन बसलं आहे. पण जुना कपॅसिटर गळतो तेव्हा त्याचं स्वतःचं नुकसान सर्वांत कमी असतं. त्याच्यातून सांडलेलं द्रावण बोर्डावर कुठवर गेलं आणि तिथे त्याने काय केलं, हे शोधून निस्तरणं हे खरं काम, आणि नेमकं तेच बहुतेक वेळा राहून जातं.

बोर्ड करतो काय

त्या काळातला ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल म्हणजे एक छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला संगणक) आणि त्याच्याभोवतीचं पाच व्होल्टचं जग. आत येणारे संकेत: केबिनमधलं तापमान, बाहेरचं तापमान, डॅशबोर्डवर पडणारं ऊन, हीटरमधल्या पाण्याचं आणि हवा गार करणाऱ्या इव्हॅपरेटरचं तापमान, आणि हवा मिसळणारी झडप नक्की कुठे आहे हे सांगणारा छोटा पोटेन्शिओमीटर. बाहेर जाणारे हुकूम: ब्लोअरचा वेग, झडपांच्या मोटरी, कॉम्प्रेसरचा क्लच. ब्लोअरचा जड प्रवाह बोर्डातून जात नाही. बोर्ड फक्त पॉवर ट्रान्झिस्टरला इशारा देतो, आणि पूर्ण वेगासाठी वेगळा रिले असतो.

तापमान मोजणारे सेन्सर हे थर्मिस्टर असतात. तापमान वाढलं की त्यांचा रोध कमी होतो. बोर्डावरच्या एका रेझिस्टरमधून पाच व्होल्ट थर्मिस्टरकडे जातात, थर्मिस्टरचं दुसरं टोक ग्राउंडला (शून्य व्होल्टला) असतं, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलर वाचतो. रचना साधी आहे, म्हणून विश्वासाची आहे. पण या मधल्या बिंदूला दुसरीकडून कुठूनही वाट फुटली, तर मायक्रोकंट्रोलरला ते कळायचा काहीच मार्ग नसतो. तो आलेलं व्होल्टेज खरं मानतो आणि त्यानुसार इमानाने चुकीचं वागतो.

बोर्ड बाहेर काढण्याआधी

लक्षणं ऐकूनच बोर्डावर संशय जातो, तरी आधी गाडीतल्या गोष्टी तपासाव्यात असं माझं ठाम मत आहे. ब्लोअर सतत पूर्ण वेगाने चालत असेल तर पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असू शकतो किंवा रिले चिकटलेला असू शकतो. हा ट्रान्झिस्टर थंड राहावा म्हणून हवेच्या मार्गातच बसवलेला असतो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्याच्या धातूच्या पात्यांमध्ये पानं-कचरा अडकला किंवा ब्लोअरची मोटर जड फिरायला लागली की तो भाजतो. मोटर जड असेल आणि आपण फक्त ट्रान्झिस्टर बदलला, तर नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून मोटरचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजावाच.

इथे मोटर ठीक होती. हाताने वेग कमी-जास्त केला तर ब्लोअर आज्ञा पाळत होता. म्हणजे ट्रान्झिस्टरही संशयातून सुटला, रिलेही सुटला. बिघाड फक्त 'ऑटो'त, म्हणजे निर्णय घेण्यात होता.

मग केबिनच्या सेन्सरकडे वळलो. बोर्डाचा कनेक्टर काढून, हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या, बाजूने सेन्सरचा रोध मोजला. केबिन १५ अंश सेल्सिअसला होती आणि सेन्सर ३.३ किलोओहम दाखवत होता. हा सेन्सर २५ अंशांना २.२ किलोओहमचा आहे, तेव्हा १५ अंशांना ३.३ हे त्याच्या तक्त्याशी जुळणारं मूल्य. सेन्सर बरोबर, वायरिंग बरोबर. बोर्डावरचा जोडीचा रेझिस्टर ४.७ किलोओहमचा, म्हणजे कनेक्टर लावल्यावर मधल्या बिंदूवर सुमारे २.१ व्होल्ट दिसायला हवेत. दिसत होते १.५.

सगळं निदान या एका वाचनात आहे. १.५ व्होल्ट यायला थर्मिस्टर दोन किलोओहमचा असायला हवा. तो तसा नाही हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे त्याला समांतर, सुमारे पाच किलोओहमची आणखी एक वाट ग्राउंडकडे जाते आहे आणि ती बोर्डावरच आहे. दोन किलोओहम म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या लेखी केबिन साडेसत्तावीस अंशांची. लावलेलं तापमान २२. तेव्हा त्याने पंखा पूर्ण सोडून गार हवा फेकली, यात त्याचा दोष काय?

ही चूक गार दिवशीच का जाणवते याचंही उत्तर याच गणितात मिळतं. थंडीत थर्मिस्टरचा रोध मोठा असतो, त्यामुळे समांतर गळतीचा परिणामही मोठा होतो. तीच पाच किलोओहमची गळती १५ अंशांना साडेबारा अंशांची फसवणूक करते, ३० अंशांना आठ-साडेआठ अंशांची. आणि ३० अंशांच्या दिवशी गार हवा जोरात आली तर तक्रार कोण करणार? त्यात दमटपणाची भर. साचलेले क्षार हवेतली ओल धरून ठेवतात आणि ओलसर झाले की वीज वाहू देतात. डॅशबोर्ड तापला की ते सुकतात, गळती थांबते आणि बोर्ड शहाणा होतो.

बोर्ड उघडल्यावर

स्विच आणि आकडे असलेला पुढचा बोर्ड वेगळा आणि मुख्य बोर्ड मागे, असं हे युनिट आहे. मुख्य बोर्डावर पहिली नजर गेली ती नव्या कपॅसिटरांवर. काम नीटनेटकं होतं. मूल्यं बरोबर, दिशा बरोबर, सोल्डर चकचकीत. आधीच्या कारागिराच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण असं काम पाहिलं की 'इथे सगळं ठीक आहे' असं वाटून नजर पुढे सरकते.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कपॅसिटरच्या बुडाशी एक तपकिरी-हिरवट कड दिसली. तिथून बोर्डाचा हिरवा लेप काळवंडत गेलेला, एका ठिकाणी सूक्ष्म फोड आल्यासारखा उचललेला. एका पॅडला (भाग जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) सोल्डरिंग आयर्न टेकवताच माशासारखा वास आला. हा वास ज्याने एकदा घेतला त्याला दुसऱ्यांदा ओळखायला वेळ लागत नाही. जुन्या कपॅसिटरांतल्या द्रावणातली अमोनियम संयुगं तापली की अमाइन सुटतात, त्यांचा तो वास. कपॅसिटर नवे आणि वास जुन्यांचा, म्हणजे द्रावण बोर्डावरच राहिलं होतं. पुढे उतरवल्यावर नवे कपॅसिटरही मोजले. क्षमता आणि अंतर्गत रोध दोन्ही चोख. ते निर्दोष होते.

मग गळतीची वाट शोधली. सेन्सरचा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची बारीक पट्टी) आणि ग्राउंडचा ट्रॅक एका कपॅसिटरच्या पोटाखालून जवळजवळ जात होते. मीटरचं एक टोक एकावर, दुसरं दुसऱ्यावर. कोरड्या बोर्डावर रोध मेगओहममध्ये. बोर्डाजवळ तोंड नेऊन एक सावकाश उच्छ्वास सोडला. मीटरचे आकडे कोसळत गेले आणि काही किलोओहमवर येऊन थबकले. श्वासाची वाफ उडाली तसे आकडे पुन्हा चढू लागले. एवढी सोपी आणि एवढी निर्णायक चाचणी दुसरी मला माहीत नाही. दमट सकाळचं गाडीतलं सगळं नाटक तिथे टेबलावर घडलं.

आकड्यातल्या गायब रेघेचा माग दुसऱ्या कपॅसिटरपाशी लागला. त्या रेघेचा ट्रॅक एका व्हायामधून, म्हणजे बोर्डाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या तांब्याच्या मुलाम्याच्या भोकातून, जात होता. या भोकाच्या आतला तांब्याचा थर साधारण २० ते २५ मायक्रॉनचा. द्रावण भोकात उतरलं, साचलं आणि आतून तांबं खाल्लं. वरून पाहिलं तर व्हाया फक्त काळसर दिसतो. बोर्ड किंचित वाकवला की तुटलेली टोकं टेकतात, म्हणून अंगठ्याने दाबल्यावर रेघ उमटायची.

एकाच द्रावणाने अशी दोन उलटी कामं केली होती. जिथे जोड नको तिथे जोड आणि जिथे जोड हवा तिथे तोड. नवे कपॅसिटर लावून या दोहोंपैकी एकही सुटत नाही. मग पहिल्या दुरुस्तीनंतर बोर्ड काही महिने चालला कसा? गळके कपॅसिटर गेल्याने वीजपुरवठा सुधारला आणि वरवरच्या सफाईने पृष्ठभाग तेवढ्यापुरता कोरडा झाला. भिंतीत मुरलेल्या ओलीवर रंग मारावा तसं ते होतं. खाली राहिलेलं द्रावण आपलं काम करतच राहिलं.

हे कपॅसिटर गळतात का

ही एका कार कंपनीची चूक नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे छोटे अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सर्वत्र वापरात आले, आणि त्यांतल्या अनेकांत चतुष्क अमोनियम क्षारांचं द्रावण होतं. विद्युतदृष्ट्या ते उत्तम होतं. पण कपॅसिटरवर सतत व्होल्टेज राहिलं की ऋण टोकापाशी हळूहळू अल्कली तयार होते. ती रबरी बुचाची आणि तारेची पकड सैल करते आणि द्रावण ऋण टोकाकडून पाझरतं. म्हणून अशा बोर्डावर ऋण टोकाचं पॅड आधी काळं पडतं. १९८९ चा मॅकिंटॉश एसई/३० संगणक असो, १९९० चा सेगाचा गेम गिअर असो, त्या वर्षांतल्या अनेक यंत्रांची ही कहाणी जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्यांना पाठ आहे. २००० च्या आसपास मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगायचे तो प्रकार वेगळा. तिथे झाकण फुगलेलं दिसायचं. इथे बाहेरून काहीच दिसत नाही.

क्लायमेट कंट्रोलच्या बोर्डाला दोन गोष्टी जास्त छळतात. पहिली उष्णता. तो डॅशबोर्डच्या मध्यभागी, हीटरच्या नळ्यांशेजारी आणि स्पोर्ट्स कारच्या आडव्या, मोठ्या काचेतून येणाऱ्या उन्हाखाली असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. ८५ अंशांना २,००० तासांची हमी असलेला भाग ४५ अंशांना ३२,००० तासांचा होतो, म्हणजे सलग साडेतीन वर्षांहून थोडा जास्त. नवल आहे ते हे भाग दशकानुदशकं टिकले याचं.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेवटचं तापमान आणि झडपांच्या जागा लक्षात राहाव्यात म्हणून या बोर्डाला बॅटरीची एक कायमची वायर असते. गाडी उभी असली तरी त्या वायरीवरच्या कपॅसिटरांवर व्होल्टेज असतंच. तेव्हा 'गाडी फारशी चाललेली नाही, म्हणजे बोर्ड ताजा असेल' हा समज चुकीचा आहे. वापरलेला बोर्ड विकत घेऊन बसवण्याच्या मी विरुद्ध आहे तो याच कारणाने. तो बोर्डही तितक्याच वयाचा असतो आणि त्याच्या पोटात तेच द्रावण असतं. मायक्रोकंट्रोलरच मेला असेल तर गोष्ट वेगळी. त्यातला प्रोग्रॅम कारखान्यातच कोरलेला असल्याने नवी चिप आणून बसवता येत नाही, आणि मग दुसरा बोर्ड शोधण्यावाचून गत्यंतर नसतं. पण तसं क्वचित होतं. आपला बोर्ड जिवंत असताना त्यालाच वाचवणं सर्वांत शहाणपणाचं.

दुरुस्ती

आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो. मग कपॅसिटर उतरवणं. खराब झालेल्या पॅडवरून कपॅसिटर पिळून काढण्याची पद्धत मी वापरत नाही. द्रावणाने पॅडची बोर्डावरची पकड आधीच गेलेली असते आणि पिळताना पॅडच उखडून येतो. गरम हवेचा झोतही जुन्या, गळक्या कपॅसिटरांसाठी वाईट, कारण उरलेलं द्रावण उकळून आणखी पसरतं. दोन्ही पायांना भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) आणि ताजं सोल्डर देऊन, दोन आयर्न एकदम टेकवून भाग अलगद उचलावा. काळं पडलेलं जुनं सोल्डर वितळायलाच तयार नसतं, ताजं मिसळलं की नमतं. त्या काळातले बोर्ड शिशाच्या सोल्डरचे आहेत, म्हणून ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डरच वापरलं. ते १८३ अंशांना वितळतं आणि अशक्त पॅडला कमी उष्णतेत काम भागतं. धूर ओढून घेणारा पंखा चालू असावा, कारण ते अमाइन छातीत भरून घ्यायची गोष्ट नाही.

त्यानंतर धुणं. ही पायरी सविस्तर सांगतो. आधीच्या दुरुस्तीत बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला होता. अल्कोहोल फ्लक्स छान काढतं, पण हे क्षार त्याच्यापेक्षा पाण्यात कितीतरी चांगले विरघळतात. अल्कोहोलने पुसलं की बोर्ड स्वच्छ दिसतो आणि क्षार पातळ होऊन आजूबाजूला पसरतात. म्हणून पुढचा बोर्ड वेगळा करून मुख्य बोर्ड कोमट पाण्यात, सौम्य साबणाच्या द्रावणाने, मऊ ब्रशने धुतला. भागांच्या पोटाखाली आणि व्हायांच्या तोंडाशी ब्रश जास्त वेळ फिरवला. मग साधं पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, आणि शेवटी पाणी हुसकावून लावण्यासाठी अल्कोहोल. पुढे ६० अंशांच्या आसपास उबेत पूर्ण सुकेपर्यंत ठेवला. बोर्ड पाण्यात घालायला अनेकांचं मन धजत नाही. वीज जोडलेली नसेल, बोर्डावर स्विच किंवा रिलेसारखे पाणी धरून ठेवणारे भाग नसतील आणि नीट सुकवलं असेल, तर पाण्याने काही बिघडत नाही.

धुतल्यावर काळवंडलेला हिरवा लेप काचतंतूंच्या पेन्सिलने खरवडला. कुठवर खरवडायचं? लेपाखालचं तांबं लखलखीत दिसेपर्यंत, आणि त्यापुढेही थोडं. लेपाखालून द्रावण केशाकर्षणाने पुढे सरकतं, त्यामुळे नुकसानीची दिसणारी सीमा ही खरी सीमा नसते. सेन्सर आणि ग्राउंड यांच्या ट्रॅकमधली पट्टी पूर्ण उघडी करून साफ केली.

आता प्रत्येक संशयित ट्रॅक मोजायचा. मल्टिमीटरचा बझर इथे दगा देतो. बहुतेक मीटर काही दहा ओहमपर्यंतच्या जोडालाही बीप देतात. अर्धा खाल्लेला ट्रॅक ३० ओहमचा झाला असेल तरी बीप येते, आणि त्यातून १०० मिलिअँपिअर गेले की तीन व्होल्ट तिथेच खर्च होतात. पाच व्होल्टच्या लाइनवर मग उरलं काय? म्हणून बझर न ऐकता आकडा वाचावा, आणि मिलिओहम मोजणारं मीटर असेल तर तेच वापरावं.

खाल्लेल्या व्हायामध्ये तांब्याच्या तारेचा एक बारीक धागा ओवून दोन्ही बाजूंना सोल्डर केला. भोक सोल्डरने नुसतं भरून भागत नाही, कारण आतल्या गंजलेल्या भिंतीला सोल्डर धरत नाही आणि वरून मात्र जोड झाल्यासारखा दिसतो. दोन ट्रॅक मूळ वाटेनेच बारीक एनॅमल तारेने जोडले. उघड्या तांब्यावर अतिनील प्रकाशात घट्ट होणारा लेप लावला.

नव्या कपॅसिटरांची निवड करताना १०५ अंशांचे, वाहनांच्या कामासाठीचे अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकच घेतले. टँटलम किंवा सिरॅमिक लावले की गळतीची कटकट कायमची मिटते, असा सल्ला दिला जातो. तो सरसकट मानू नये. टँटलम बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो, आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या लाइनवर क्षणिक झटके कित्येक पट वर जातात. तिथे तो धोका नको. सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेजखाली स्वतःची क्षमता गमावतो, छोट्या आकारात निम्म्याहून जास्तही. शिवाय काही जुने व्होल्टेज रेग्युलेटर आउटपुटवरच्या कपॅसिटरचा थोडा अंतर्गत रोध गृहीत धरून बनवलेले असतात. तो फार कमी झाला तर ते अस्थिर होतात. बॅटरीच्या लाइनवर ३५ व्होल्टचे भाग घातले. रीसेटच्या सर्किटमधला कपॅसिटर मूळ मूल्याचाच ठेवला, कारण तिथे क्षमता बदलली की वेळ बदलते. टँटलम वापरणारच असाल तर एक ध्यानात असू द्या: अॅल्युमिनियमच्या डब्यावरची काळी खूण ऋण टोक दाखवते, टँटलमवरची पट्टी धन टोक.

नवे कपॅसिटर कंपनाने हलू नयेत म्हणून सिलिकॉनचा थेंब लावला. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचंच घ्यावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घट्ट होताना आम्ल सोडतं आणि नुकतंच वाचवलेलं तांबं परत खायला लागतं. जाता जाता मुख्य कनेक्टरच्या पिनांभोवती सोल्डरमध्ये पडलेल्या गोल भेगाही ताज्या करून घेतल्या. वर्षानुवर्षं प्लग काढ-घाल झाली की त्या पडतातच.

टेबलावरची परीक्षा

गाडीत लावण्याआधी बोर्डाला प्रवाहाची मर्यादा घातलेल्या १२ व्होल्टच्या सप्लायवर जोडलं. सेन्सरांच्या जागी पोटेन्शिओमीटर, ब्लोअर ट्रान्झिस्टरच्या जागी छोटा दिवा. पाच व्होल्टची लाइन ऑसिलोस्कोपवर सपाट होती. केबिनचा 'सेन्सर' ३.३ किलोओहमला ठेवला की मधल्या बिंदूवर २.१ व्होल्ट, म्हणजे गणिताला हवे तेवढेच. मग तीच श्वासाची चाचणी. या वेळी गळती मीटरच्या पल्ल्याबाहेर, आकडा हललाच नाही. तेवढ्यावर न थांबता बोर्ड ओल्या फडक्यासह बंद डब्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी लगेच मोजला. तरी गळती नाही. हुडहुडी भरवणारा स्प्रे आणि हेअर ड्रायर आलटून पालटून वापरून, बोर्ड हलका वाकवून पाहिला. आकड्यातली रेघ स्थिर राहिली.

ही दमट डब्याची परीक्षा अशा प्रत्येक बोर्डाला द्यावी, असं मी आग्रहाने म्हणेन. कोरड्या खोलीत कोरडा बोर्ड पास होणारच. पहिल्या दुरुस्तीनंतरही तो असाच पास झाला असणार.

गाडीत परत

बॅटरी सोडून, एअरबॅगच्या वायरिंगला धक्का न लावता युनिट बसवलं. पंखा शांत, हवा कोमट, आकडे पूर्ण. तरी एक बारकी गोष्ट खटकत होती: केबिन गरम झाल्यावर ब्लोअर वेग उतरवायला फार उशीर लावत होता. बोर्डाच्या मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज सेन्सरच्या रोधाशी आता तंतोतंत जुळत होतं, म्हणजे बोर्ड खरं तेच वाचत होता. सेन्सरलाच केबिनची बातमी उशिरा मिळत होती.

हा सेन्सर डॅशबोर्डवरच्या छोट्या जाळीमागे असतो आणि एका बारीक नळीने केबिनची हवा सतत त्याच्यावरून ओढली जाते. नळीच्या टोकाचा फोम वयाने भुगा झाला होता आणि नळी निसटून लोंबत होती. सेन्सर डॅशबोर्डमागच्या कोंडलेल्या हवेचं तापमान सांगत होता. नळी बसवली, टोकाला नवा फोम लावला. जाळीपाशी टिश्यू पेपरचा तुकडा धरला तर तो आत ओढला जाऊन चिकटू लागला. ब्लोअर वेळेवर उतरू लागला.

दमट, गार हवेचा पुढचा काळ या बोर्डाने एकही तक्रार न करता काढला. मालकांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर बॅटरी सोडून ठेवा, म्हणजे बोर्डावरचं कायमचं व्होल्टेज जाईल. आणि इंजिनचा संगणक उघडून बघू द्या, कारण त्यातही त्याच वर्षांचे कपॅसिटर आहेत.

तो उघडला. एका कपॅसिटरच्या ऋण पायाचं सोल्डर निस्तेज, करडं झालं होतं. द्रावण अजून ट्रॅकपर्यंत पोहोचलेलं नव्हतं, आणि व्हाया सगळे शाबूत होते. कपॅसिटर बदलले, बोर्ड पाण्याने धुतला, सुकवला आणि दमट डब्यातून काढून गाडीत लावला. तिथे एकही तार ओवावी लागली नाही.